एफपुढचा आकडा किती लहान हवा? नवी लेन्स घेताना ॲपर्चर कसं ठरवायचं

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५च्या किट लेन्सवर हात बसला, की पुढची लेन्स कोणती हा प्रश्न येतोच. विचाराल त्याच्याकडून उत्तरही ठरलेलं: 'वन पॉइंट एटची फिफ्टी घे, डोळे झाकून घे.' म्हणजे एफ/१.८ लिहिलेली ५० एमएमची लेन्स. सल्ला वाईट नाही, लेन्सही गुणाची आहे. पण डोळे झाकून घेतलेल्या याच फिफ्टी पुढे जुन्या सामानाच्या जाहिरातींत 'अगदी नवीसारखी, फारशी वापरलेली नाही' म्हणून झळकतात. घेताना एफपुढचा आकडा लहान आहे एवढं पाहिलेलं असतं. आपल्याला तो किती लहान लागतो, हे पाहायचं राहून जातं.

ते पाहायला फार काही लागत नाही. तुमच्या जुन्या फोटोंच्या फाइलींमध्ये सगळा हिशेब आधीच नोंदलेला असतो. तो वाचण्याआधी दोन गोष्टी मात्र पक्क्या असायला हव्यात.

पायरी १: लेन्सच्या तोंडावरचे आकडे वाचा

लेन्सचं झाकण काढा आणि पुढच्या काचेभोवतीची कडा पाहा. १८-५५ एमएमच्या शेजारी १:३.५-५.६ असं काहीतरी छापलेलं असेल. फिफ्टीवर १:१.८ असतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हेच एफ/३.५, एफ/१.८ असं दिसतं.

यातलं एफ म्हणजे फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा; तो मोठा तितकं दृश्य जवळ दिसतं), आणि पुढची तिरकी रेघ खरोखरच भागाकाराची आहे. ५० एमएम भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. लेन्सच्या आतल्या पात्या पूर्ण उघडल्यावर समोरून दिसणाऱ्या छिद्राचा (यालाच ॲपर्चर म्हणतात) हा व्यास, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा. किट लेन्स ५५वर नेली तर ५५ भागिले ५.६, जेमतेम १० मिलिमीटर. आकडा लहान तर छिद्र मोठं, हे उलटं गणित नवख्यांना फार छळतं. पण हा भागाकार आहे एवढं लक्षात ठेवलं की ते सरळ होतं: एफ/२ म्हणजे फोकल लेंथचा अर्धा, एफ/४ म्हणजे पाव, एफ/८ म्हणजे आठवा हिस्सा.

लेन्सवर छापलेला आकडा तिची कमाल सांगतो. एफ/१.८ची लेन्स हवी तेव्हा एफ/८पर्यंत बंद करता येते, एफ/५.६ची लेन्स काही केल्या एफ/२.८पर्यंत उघडत नाही. पैसे मोजायचे ते या उघडण्याचे. दुसऱ्या टोकाला ती एफ/१६पर्यंत जाते की एफ/२२पर्यंत, याकडे घेताना बघायचीही गरज नाही.

आता ३.५-५.६ अशी जोडी का, तर झूमच्या दोन टोकांची कमाल वेगवेगळी आहे. १८वर ती ३.५पर्यंत उघडते, ५५वर फक्त ५.६पर्यंत. मधला उतारही लवकर येतो. बहुतेक किट लेन्सवर ३५च्या आसपासच कमाल साडेचारवर आलेली असते. खोक्यावरचा ३.५ पाहून आपण खूश होतो आणि फोटो काढतो ते मात्र पुढं झूम करून, म्हणजे ५.६वर. म्हणून अशा लेन्सचा दुसरा आकडा आधी वाचायचा. दोन लेन्सची तुलना करायची तर तुमच्या नेहमीच्या झूमवर दोघींची कमाल किती, तेवढंच बघायचं. अलीकडच्या आटोपशीर किट लेन्स एफ/६.३पर्यंतही उतरतात.

पायरी २: स्टॉपचा हिशेब हाताशी ठेवा

१, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. ही रांग पाठच करा. पहिले दोन आकडे आठवले तरी बाकीचे निघतात, कारण एकाआड एक दुप्पट होत जातात: १, २, ४, ८, १६ आणि १.४, २.८, ५.६, ११, २२. उजवीकडे एक घर सरकलं की प्रकाश निम्मा, डावीकडे सरकलं की दुप्पट. या एका घराला 'एक स्टॉप' म्हणतात. छिद्राचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून दोन घरं ओलांडल्यावर आकडा दुप्पट दिसतो.

१.८, ३.५, ६.३ असे आकडे या रांगेत नाहीत, कारण कॅमेऱ्याची चकती बहुधा तृतीयांश स्टॉपनं फिरते. तीन टिकटिक म्हणजे एक स्टॉप. १.८ हा २च्या एक टिक अलीकडे, ३.५ हा ४च्या एक टिक अलीकडे आणि ६.३ हा ५.६च्या एक टिक पलीकडे.

शटर (ते किती वेळ उघडं राहतं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) याच नाण्यात मोजले जातात, आणि सगळी खरेदी यावरच उभी आहे. एफ/५.६वरून एफ/२.८वर आलात की दोन स्टॉप हाती आले. ते शटरमध्ये घाला, १/१५ऐवजी १/६०. किंवा आयएसओमध्ये घाला, ६४००ऐवजी १६००. किंवा दोन्हीकडे एकेक. एफ/५.६पासून एफ/१.८पर्यंत सव्वातीन स्टॉपांच्या थोडं वर, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश.

पायरी ३: जुने फोटो काढून बसा

लेन्सचे व्हिडिओ बघण्यात जातो त्यातला एक तास इथं द्या. गेल्या वर्ष-दोन वर्षांतले बिघडलेले फोटो शोधा. चांगले नकोत, हललेले, काळे पडलेले, दाणेदार आलेले, असेच हवेत. पुसून टाकले असतील तर निदान 'बरे आलेत पण मजा नाही' असे. प्रत्येकाचे चार आकडे टिपून घ्या: फोकल लेंथ, ॲपर्चर, शटर, आयएसओ. संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडलं की हे दिसतं. फोनच्या गॅलरीतही फोटोची माहिती उघडली की येतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. घरच्या गणपतीची संध्याकाळची आरती. हॉलमध्ये एक ट्यूबलाइट, मखरात पिवळ्या दिव्यांची माळ, पुढे टाळ्या वाजवणारी मुलं. फोटोचे आकडे: ३५ एमएम, एफ/४.५, १/२० सेकंद, आयएसओ ३२००. फोटो हललाय.

आता नीट बघायचं ते हे, की हललंय काय? फोटो मोठा करा आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्यावरचे आकडेही दुहेरी दिसत असतील तर हात हललाय. कॅलेंडर स्वच्छ वाचता येतंय, मूर्तीचा मुकुट रेखीव आहे, पण मुलांचे तळवे धुरासारखे पसरलेत, तर हात स्थिर होता आणि मुलं हलत होती. दोन्हींवरचे उपाय वेगळे. हात हलत असेल तर स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स किंवा कॅमेरा, नाहीतर सरळ ट्रायपॉड. खोक्यावर 'चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन' लिहिलेलं असतं ते फक्त तुमच्या हातासाठी; समोरच्या मुलाला ते स्थिर करत नाही. टाळी गोठवायची तर शटरच वाढवावं लागतं, आणि त्यासाठी प्रकाश लागतो.

समजा आपल्या फोटोत मुलंच हललीत. अंदाजे १/१६० लागेल. १/२० ते १/४०, ते १/८०, ते १/१६०: तीन स्टॉप कमी पडताहेत. हीच आपली तूट, कागदावर लिहून ठेवा.

आता दुकानातल्या लेन्स तिच्यासमोर ठेवा. एफ/२.८ची झूम घेतली तर ४.५वरून २.८, म्हणजे एक स्टॉप आणि वर एक टिक. उरलेली तूट आयएसओनं भरायची तर ३२००वरून १००००पर्यंत जावं लागेल. एफ/१.८ची प्राईम (झूम न होणारी लेन्स) घेतली तर अडीच स्टॉपांहून थोडं जास्त मिळतं आणि आयएसओ ४०००वर काम भागतं. एफ/१.४ घेतली तर तूट भरून वर थोडं शिल्लक. म्हणजे आरतीच्या या फोटोला महागडी एफ/२.८ झूम पुरी पडत नाही आणि तिच्याहून स्वस्त प्राईम जवळजवळ पुरते. हे कुठल्याही दुकानदारानं सांगितलेलं नाही, तुमच्याच फाइलनं सांगितलं.

असे दहा-पंधरा फोटो सोडवलेत की तूट कुठे साचते ते दिसू लागतं. काहींना कळतं की त्यांना एक स्टॉपही कमी पडत नव्हता. कॅमेरा ऑटोवर होता आणि त्यानं शटर उगाच हळू ठेवलं होतं. त्यांचे पैसे वाचले. काहींचे फोटो आयएसओ ४००च्या पुढे गेलेलेच नसतात, कारण ते उन्हात गड-किल्ले फिरतात. त्यांनीही ॲपर्चरवर पैसे घालू नयेत.

याच कागदावरची फोकल लेंथही बघा. बहुतेक फोटो १८ ते २४वर असतील तर फिफ्टी तुमच्या कामाची नाही, ती कितीही उघडो. किट लेन्स एक दिवस ५०वर आणि एक दिवस ३५वर ठेवून, झूमला हात न लावता घरात फोटो काढून बघा. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तीन मीटरवरून ५० एमएमच्या चौकटीत रुंदीला जेमतेम सव्वा-दीड मीटर मावतो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला लागते आणि चौकटीत दोन माणसं कंबरेपर्यंत येतात. ३५वर सुमारे दोन मीटर आणि २४वर पावणेतीन-तीन मीटर. घरातल्या फोटोंसाठी एपीएस-सीवर ३५ एफ/१.८ किंवा २४ एफ/१.७च्या आसपासच्या लेन्स फिफ्टीपेक्षा जास्त राबतात, हे माझं मत ठाम आहे. आता जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे अशी एखादी हलकी लेन्स आहे. निकॉनची डीएक्स (म्हणजे एपीएस-सीसाठीची) ३५ एफ/१.८ फक्त २०० ग्रॅमची आहे, तर झेड माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते तो सांधा) २४ एफ/१.७ साधारण १३५ ग्रॅमची.

पायरी ४: किती उघडली तर किती हातातून जातं

मोठ्या छिद्रानं प्रकाश येतो तसा धारदार पट्टा, म्हणजे फोकसमध्ये स्पष्ट येणारा भाग, पातळ होतो. याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, आणि 'बॅकग्राउंड ब्लर' नावाचं सगळ्यांना हवं असलेलं प्रकरण इथूनच येतं. ब्लरसाठी लेन्स घेण्यात काही गैर नाही. फक्त तो कुठे पडणार हे आधी माहीत हवं.

एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ/१.८, एक मीटर अंतर: धारदार पट्टा अडीच-तीन सेंटीमीटरचा. मूर्तीच्या डोळ्यांवर फोकस घेतलात तर सोंडेचं टोक मऊ पडतं, आणि हातातला मोदक तर गेलाच. दीड मीटरवर तोच पट्टा सहा-साडेसहा सेंटीमीटर होतो. एफ/४ केलंत तर त्याच दीड मीटरवर साधारण १४ सेंटीमीटर. ८५ एमएम एफ/१.८ एक मीटरवर वापरली तर पट्टा एका सेंटीमीटरचा, एका डोळ्यावर फोकस आणि दुसरा मऊ. पण हीच ८५ नाट्यगृहात आठ मीटरवरून रंगमंचावर रोखली, की पट्टा साठ सेंटीमीटरच्या वर जातो आणि एफ/१.८वरही नट नखशिखांत स्पष्ट येतो. आकडा तोच, अंतर बदललं.

म्हणून 'एफ/१.८ला सगळं ब्लर होतं का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. अंतर दुप्पट केलं की पट्टा साधारण चौपट जाड होतो. जवळून फोटो काढणाऱ्यांना एफ/१.४चा अर्धाअधिक वेळ उपयोगच करता येत नाही, घेतात १.४ आणि वापरतात २.८वर. कास पठारावर फुलांचे फोटो काढायला मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घेणाऱ्यांनी तर एफ/२.८ या छापील आकड्याकडे लक्षच देऊ नये. इतक्या जवळून एक पाकळी धड यायची तर एफ/८, एफ/११ लावावं लागतं.

घरच्यांच्या ग्रुप फोटोत हे सर्वात जास्त अंगाशी येतं. तीन रांगा, पुढे खाली बसलेली मुलं, मागे खुर्चीवर उभे असलेले काका. एफ/१.८वर मधली रांग छान आणि काका पुसट. तिथं एफ/५.६ आणि जमेल तेवढा प्रकाश, नाहीतर छताकडे वळवलेला फ्लॅश. फ्लॅशचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात, पण पांढऱ्या छतावर उसळवलेला फ्लॅश घरातली निम्मी तूट भरून काढतो आणि कित्येक एफ/१.४ लेन्सपेक्षा स्वस्त पडतो.

पायरी ५: तुमचा सेन्सर केवढा आहे

एक्स्पोजरच्या (फोटोत किती उजेड येतो त्याच्या) दृष्टीनं एफ/१.८ सगळीकडे एफ/१.८च. एपीएस-सी, मोठा फुल फ्रेम, लहान मायक्रो फोर थर्ड्स, कुठल्याही सेन्सरवर त्याच प्रकाशात तेच शटर मिळेल. फरक पडतो तो चौकटीत आणि ब्लरमध्ये. निकॉन, सोनी, फूजीच्या एपीएस-सीवर फोकल लेंथ दीडपट धरायची, कॅननवर १.६ पट. तीच पट ॲपर्चरलाही लावली की ब्लरचा अंदाज येतो: एपीएस-सीवरची ५० एफ/१.८ फुल फ्रेमवरच्या साधारण ७५ एफ/२.७सारखी दिसेल. फुल फ्रेमवाल्याचा फोटो बघून 'माझ्या १.८ला असा ब्लर का येत नाही' असं वाटलं, तर कारण हे.

फोनच्या कॅमेऱ्यालाही एफ/१.८ लिहिलेलं असतं. त्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटर, म्हणजे छिद्र साडेतीन-चार मिलिमीटरचं. पोर्ट्रेट मोडमधला ब्लर हिशेबानं काढलेला असतो.

पायरी ६: पुढच्या स्टॉपची किंमत बघा

लेन्स मोठी उघडायची तर काच मोठी लागते, आणि मोठ्या काचेचे दोष झाकायला आणखी काचा लागतात. कॅननच्या आरएफ माउंटच्या दोन फिफ्टी शेजारी ठेवून बघा. एफ/१.८ची १६० ग्रॅमची, फिल्टर ४३ मिलिमीटरचा. एफ/१.२ची ९५० ग्रॅमची, फिल्टर ७७ मिलिमीटरचा. बाजारात आल्या तेव्हाच्या किमतींत फरक दहापटीहून जास्त. मिळणारा जास्तीचा प्रकाश किती? सव्वादोन पट, एका स्टॉपच्या थोडं वर. एफ/१.२ची लेन्स काचेच्या गुणातही सरस आहे, यात वाद नाही. पण पहिली लेन्स घेणाऱ्यानं तो एक स्टॉप आयएसओतून काढावा आणि उरलेल्या पैशांत फिरून यावं.

झूमचंही तेच. कॅननच्याच आरएफ ७०-२०० एफ/२.८चं वजन १०७० ग्रॅम, एफ/४चं ६९५. लग्नाची कामं घेणार असाल तर २.८ घ्याच, अंतरपाट दूर होतो त्या क्षणी अक्षता, हार, हात सगळं एकदम हलत असतं आणि कार्यालयातला प्रकाश आपल्या हातात नसतो. गडावर चढून जाणाऱ्यानं मात्र एफ/४च घ्यावी, नाहीतर ती लेन्स तिसऱ्या ट्रेकपासून घरीच राहते.

पूर्ण झूमभर एफ/२.८ देणाऱ्या लेन्स पूर्वी जड आणि महाग असायच्या. आता एपीएस-सीसाठी सिग्माची १८-५० एफ/२.८ तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर येते. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ त्याहून बरीच जड, ५२५ ग्रॅमची, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे. किट लेन्स विकून एकच लेन्स ठेवायची असेल तर मी याच गटात शोधीन. ५५च्या टोकाला एफ/५.६वरून एफ/२.८ म्हणजे नेमके दोन स्टॉप, आणि झूमही सुटत नाही. तुमच्या कागदावरची तूट दोन स्टॉपांच्या आत असेल तर ही, तीनच्या जवळ असेल तर प्राईम.

वेगवेगळ्या कामांना किती लागतं

नाटक, नृत्य, गाण्याची मैफल: फ्लॅश चालत नाही, माणसं हलतात, अंतर ठरलेलं. इथं ॲपर्चरचे पैसे वसूल होतात. ८५ एफ/१.८, किंवा बजेट असेल तर ७०-२०० एफ/२.८.

जंगलात हिशेब वेगळा. ताडोबात पहाटेच्या सफारीला जिप्सी आत शिरते तेव्हा झाडीखाली उजेड नसतोच. ६०० एमएमला एफ/४ हवं तर छिद्र १५० मिलिमीटरचं लागतं, आणि कॅननची तशी आरएफ लेन्स तीन किलोंच्या वर जाते. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची १८०-६०० एफ/६.३वर थांबतात, एफ/४च्या तुलनेत सव्वा-दीड स्टॉप कमी. म्हणजे तिथं आयएसओ २५००, इथं ६४००. आजच्या कॅमेऱ्यांना हे पेलतं आणि किमतीतला फरक पाहता हौशी माणसानं एफ/६.३च घ्यावी. कॅननची ६०० एफ/११ मात्र नीट विचार करून घ्या. ९३० ग्रॅम वजनाला भुरळ पडते, पण तिचं ॲपर्चर ११वर कायमचं बांधलेलं आहे. तळ्याकाठच्या उन्हातल्या पक्ष्यांना उत्तम, पहाटेच्या वाघाला नाही.

निसर्गचित्रं आणि किल्ले एफ/८ ते एफ/११वर निघतात. त्यापुढे एफ/१६, एफ/२२ करत गेलं तर प्रकाश छोट्या छिद्राच्या कडेशी पसरतो आणि फोटो मऊ होतो. किट लेन्स एफ/८वर आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी चांगली असते.

पावसाळ्याआधी आकाशगंगा टिपायची असेल तर उलट. १४ ते २० एमएमची एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स, कारण शटर वीस-पंचवीस सेकंदांच्या पुढे नेलं की तारे रेघा होतात.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे लुकलुकू नयेत यासाठी शटर १/५० किंवा १/१००वर बांधून ठेवावं लागतं. अशात ३.५-५.६ची लेन्स चालू शॉटमध्ये झूम केली की चित्र काळवंडत जातं. कीर्तन, लग्न, मुलाखती असं काम असेल तर पूर्ण झूमभर एकच ॲपर्चर देणारी लेन्स बघा, मग ती एफ/४ असली तरी चालेल.

पायरी ७: हातात घेऊन तपासा

आधी भाड्यानं मिळते का बघा. मुंबई-पुण्यात लेन्स भाड्यानं देणारे बरेच आहेत आणि एका शनिवार-रविवारचं भाडं चुकीच्या खरेदीपेक्षा केव्हाही परवडतं.

जुनी लेन्स घेत असाल तर टॉर्च घेऊन जा. मागून उजेड पाडून पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. धुळीचे दोन-चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यावरून घासाघीस करा पण लेन्स नाकारू नका. मग पात्या. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून एफ/१६ आणि एक सेकंद शटर लावा, लेन्स स्वतःकडे वळवून बटण दाबा. पात्या झटक्यात मिटून झटक्यात उघडायला हव्यात. आळसावत हलल्या किंवा त्यांवर तेलाची चकाकी दिसली, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

नव्या लेन्ससाठी स्वतःचा कॅमेरा आणि मोकळं कार्ड घेऊन जा. दुकानातल्या खोक्यांच्या मांडणीसमोर सरळ उभे राहा आणि तोच फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, मग एफ/२.८, मग एफ/५.६वर घ्या. घरी मोठ्या पडद्यावर खोक्यांवरची अक्षरं वाचा. पूर्ण उघडी असताना कोपरे थोडे मऊ आणि काळसर असणं स्वाभाविक आहे. एक-दोन स्टॉप बंद केल्यावर ते सुधारायला हवेत. डाव्या कडेची अक्षरं खणखणीत आणि उजव्या कडेची तिन्ही फोटोंत फिसकटलेली दिसली, तर आतली भिंगं तिरकी बसलेली असू शकतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून सपाट भिंतीवर एकदा खात्री करून घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत तो नग बदलून मागा.